मलंपुळ्याच्या यक्षीला भेटायला जाताना

आमच्याकडे कोइमतूरला कोल्हापूर-इचलकरंजीचं कुणी आलं की कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस उटी, एक दिवस मरुदमलईचा मुरुगन आणि एक दिवस मलंपुळा. पहिल्या दोन ठिकाणी मी पाहुण्यांना डबा आणि ड्रायव्हर देऊन पाठवून देते. मलंपुळ्याला मात्र स्वतः जाते. माझ्याशिवाय गेलेली मंडळी धरण बघतात, रोपवेत बसतात, कणीस खातात आणि घरी आल्यावर 'ती उघडी बाईपण बघितली बरं का' एवढंच सांगतात. उमेदीची सगळी वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलेल्या बाईला हे ऐकवत नाही. दर दिवाळीत तेच तेच तोंडी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं.

ती 'उघडी बाई' म्हणजे मलंपुळा धरणाच्या बागेतली यक्षी. केरळातल्या पालक्काड गावापासून साधारण दहा किलोमीटरवर हे धरण आहे. यक्षी काँक्रीटची आहे, ३० फूट उंच, पाय पसरून बसलेली. दोन्ही हात वर केसांत, मान मागे, चेहरा आभाळाकडे. अंगावर सूतभर कापड नाही. कानायी कुन्हीरामन यांनी ती १९६९ मध्ये घडवली. तेव्हा ते तिशीत होते. कासरगोडकडचे, मद्रासच्या कला महाविद्यालयात शिकलेले आणि नंतर शिष्यवृत्तीवर लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये जाऊन आलेले. सरकारी पाटबंधाऱ्याच्या बागेत, जिथं लोक पोराबाळांना घेऊन सहलीला येतात, तिथं या तरुण माणसाने ३० फुटांची नग्न बाई बसवली. गदारोळ व्हायचा तो झालाच. पण मूर्ती हलली नाही, आणि २०१९ मध्ये तिची पन्नाशी साजरी झाली. आता मलंपुळ्याचं नाव काढलं की आधी तीच आठवते, धरण नंतर.

तर बघायची कशी?

आधी गोष्ट सांगा, मग बाग दाखवा

हे मी सगळ्यात वर ठेवते. बाकीचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. यक्षीची गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाला तिथं फक्त नागडेपण दिसतं, आणि मग तो एकतर फिदीफिदी हसतो नाहीतर तोंड फिरवतो. गोष्ट ऐकून आलेला माणूस यक्षी बघतो.

कोइमतूरहून पालक्काडला येणारी गाडी वाळयारच्या जंगलातून जाते. तिथं रुळांवर हत्ती येतात म्हणून गाडीचा वेग कमी करतात. ते जंगल संपलं, कंजिकोड आलं की खिडकीबाहेर ताडाची झाडं सुरू होतात. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, कुठं एकटंच उभं. पालक्काडची ओळखच ती. ताड दिसायला लागले की मी पाहुण्यांचे मोबाईल खाली ठेवायला लावते आणि सुरू करते.

रात्रीची वेळ. एकटाच पुरुष वाटेनं चाललाय. सातविणीच्या फुलांचा वास येतो. सातवीण म्हणजे आपल्याकडे शहरांतल्या रस्त्यांवर लावलेली सप्तपर्णी. ऑक्टोबरात रात्री जिच्या वासानं काहींचं डोकं उठतं, तीच. वळणावर पांढऱ्या वस्त्रातली, केस गुडघ्यापर्यंत मोकळे सोडलेली देखणी बाई उभी असते. ती विचारते, "चुण्णांबुण्डो?" चुना आहे का? पान खायचंय, चुना संपलाय. किती साधी मागणी! वाटसरू कनवटीचा चंची-बटवा काढतो. ती गोड बोलते, माझं घर जवळच आहे म्हणते, आणि त्याला समोर मोठा वाडा दिसतो, दिवे लागलेला. तो आत जातो. वाडा कसला, तो ताड असतो. सकाळी गुराख्यांना ताडाखाली दात, नखं आणि केस सापडतात.

ऐकणारा मराठी माणूस असेल तर इथंच म्हणतो, "म्हणजे हडळच की." हो आणि नाही. आपली हडळ पायांवरून ओळखू येते, उलटे पाय असतात तिचे. यक्षी ओळखूच येत नाही, हीच गोम आहे. तिला वश करणारे मांत्रिक तिच्या डोक्यात लोखंडी खिळा ठोकतात, मग ती गरीब गाय होऊन कुणाच्या तरी घरी मोलकरणीसारखी राबते. आणि कुणीतरी उवा बघताना तो खिळा उपटला की पुन्हा निघून जाते. ही खिळ्याची गोष्ट बायकांना सांगाच. आमच्या नणंदबाईंनी ती ऐकून एवढंच विचारलं होतं, "आणि खिळा ठोकणारा देवमाणूस, होय?" बागेत पोचायच्या आधीच त्यांचं निम्मं शिल्प बघून झालं होतं, असं माझं मत.

लहान मुलं बरोबर असतील तर दात-नखांचा भाग गाळा किंवा रंगवून सांगा, तुमची मुलं तुम्हाला माहीत.

जायचं कसं आणि केव्हा

पालक्काड जंक्शन कोइमतूर-शोरनूर मार्गावर आहे. स्टेशन गावात नाही, ओलवक्कोडला आहे, आणि ते धरणाच्या बाजूलाच पडतं. म्हणून गाडीने आलात तर गावात शिरू नका, स्टेशनबाहेरून थेट रिक्षा करा. बसने यायचं तर कोइमतूरच्या उक्कडम स्टँडवरून पालक्काडच्या गाड्या सारख्या सुटतात. पालक्काडला बदलून मलंपुळ्याची बस धरायची. पुण्या-सोलापूरकडून कन्याकुमारी एक्स्प्रेस पालक्काडवरूनच जाते. कोकणातून येणाऱ्यांनी नेत्रावतीने त्रिशूरला उतरावं आणि तिथून मागं पालक्काडकडं यावं. विमानवाल्यांना कोइमतूरच जवळ.

पाटीवर इंग्रजीत नावाच्या शेवटी झेड-एच-ए असतं. ते 'झा' वाचू नका, ळ म्हणा. आपल्याला ळ जन्मजात येतो, त्याचा एवढा तरी फायदा करून घ्या.

हंगामाचं म्हणाल तर मार्च ते मे पालक्काडच्या वाट्याला जाऊ नये. पारा ४० अंशांच्या आसपास खेळत असतो आणि मोकळ्या हिरवळीवर बसलेल्या काँक्रीटच्या बाईसमोर तुम्ही किती वेळ उभे राहणार? जून ते सप्टेंबर पाऊस. तो मला आवडतो, पण छत्री सांभाळत मान वर करून बघणं सगळ्यांना जमत नाही. मी पाहुण्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांगते. या दिवसांत आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे वारा. आपला सह्याद्री गुजरातच्या सीमेपासून सलग खाली येतो आणि इथं पालक्काडला तीस-चाळीस किलोमीटरची खिंड सोडून मग पुढं चालू लागतो. हिवाळ्यात पूर्वेकडचा कोरडा वारा त्या खिंडीतून घुसतो आणि ताडांची पानं दिवसभर खडखडत राहतात. यक्षी ताडावर का राहते, हे तो आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला कल्पातीचा रथोत्सव असतो, तेव्हा गावात मुंगीला शिरायला जागा नसते. रथ बघायचा असेल तर मुद्दाम याच, नसेल तर ते दिवस टाळा.

वार कुठलाही चालेल, शनिवार-रविवार सोडून. सुट्टीच्या संध्याकाळी बागेत दिवे लागतात, लोक त्यासाठी येतात. मला ती रोषणाई यक्षीसाठी अजिबात पटत नाही. शिल्पाला एका बाजूने येणारा, तिरपा उजेड लागतो. सगळीकडून रंगीत दिवे मारले की फुगवटे आणि खळगे सपाट होतात, मग मूर्ती असली काय नि पोस्टर असलं काय. सकाळी बाग उघडता उघडता आत शिरा, नाहीतर दुपारचं ऊन कलल्यावर. भर बाराला चेहऱ्यावर ऊन थेट आपटतं आणि हनुवटीखाली काळाकुट्ट डाग पडतो, बाकी काही दिसत नाही.

तिच्यासमोर उभं राहिल्यावर

तिकीट काढून आत आलात की आधी रोपवेकडं पळू नका. मुलं ओढतील. ओढू देत.

पहिल्यांदा तिच्याजवळ जायचंच नाही. जिथून ती पूर्ण, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, एका नजरेत मावते अशी जागा शोधायची आणि तिथं थांबायचं. डोळे किंचित मिटून बघा, म्हणजे बारकावे जातात आणि फक्त आकार राहतो. शाळेत मी हेच करायला लावायची, मुलांना वाटायचं बाईंना झोप आलीय. डोळे बारीक केले की समजतं, हा एक त्रिकोण आहे. पसरलेले पाय म्हणजे तळ, वर गेलेलं डोकं आणि कोपर म्हणजे शेंडा. आणि मागे धरणापलीकडचे डोंगर आहेत, त्यांचाही आकार तोच. कानायींनी ही बाई कुठल्या दालनात ठेवायला केलेली नाही. ती या डोंगरांच्या पंगतीत बसवली आहे. हे लांबूनच दिसतं, जवळ गेल्यावर दिसत नाही.

इथंच उंची मोजून घ्या. बरोबर आलेल्यांपैकी एकाला तिच्या पायाशी उभं करा, पाच फुटांच्या आसपासचं कुणीही. आमच्याकडे ही कामगिरी बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येते. आता तुम्ही लांब उभे राहून हात सरळ ताणा, कोपर वाकवायचं नाही. हातात पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक त्या माणसाच्या डोक्यावर आणि अंगठ्याचं नख त्याच्या पायावर जुळवा. तेवढं माप धरून वर वर सरकत जा आणि मोजा. सहाच्या जवळपास आलं पाहिजे. चारच आलं तर तुम्ही फार जवळ आहात, आणखी मागं जा. आणि ती बसलेली आहे हे विसरू नका. बसलेल्या माणसाची उंची उभ्याच्या निम्म्याहून जरा जास्त असते. ती उठून उभी राहिली तर पन्नास फुटांच्या पुढं जाईल, सरळ पाच मजली. हे सांगितलं की मुलं एकदम तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. आमच्या भाच्यानं तर दोन पावलं मागं घेतली होती.

मग जवळ जा. अगदी पायापर्यंत. पायाचा अंगठा, घोटा, नडगी इथून सुरुवात करून नजर हळूहळू वर न्या. एक गंमत होते. लांबून जी नग्न बाई होती, ती जवळून नग्न राहत नाही. गुडघा आड येतो, छाती चेहरा झाकते, पोट कुठं संपलं आणि मांडी कुठं सुरू झाली कळत नाही. उरतात नुसते मोठमोठे गोलवे आणि त्यांच्यावरून सरकणारी सावली. ज्यांना लांबून लाज वाटत होती त्यांना मी मुद्दाम आधी इथंच आणते. उलटा उपाय आहे, पण लागू पडतो.

चेहरा नीट बघायचा तर पुन्हा मागं यायला हवं, आणि जरा बाजूला. ३० फुटांवरचा चेहरा खालून बघताना आखूड दिसतो. हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. त्यातून हिनं मान मागं टाकली आहे. बाजूने बघितलंत तर मानेपासून कपाळापर्यंतची रेष सलग मिळते. आता तुम्हीच ठरवा, ही कुणाला भुलवतेय का? मला कधीच तसं वाटलं नाही. भुलवणारी बाई समोरच्याकडं बघते. ही आपल्याकडं बघतच नाही. वाटसरू, चुना, वाडा या सगळ्याच्या पलीकडं गेलेली, आपल्याच तंद्रीत बसलेली अशी ही यक्षी आहे. गोष्टीतल्या यक्षीला पुरुषानं बघितलेलं आहे. कानायींच्या यक्षीला कुणी बघतंय की नाही याची फिकीर नाही, आणि माझ्या मते १९६९ सालच्या लोकांना खरा त्रास त्याचाच झाला असणार, नागडेपणाचा कमी.

मागच्या बाजूला जा. कुणी जात नाही, म्हणून तर जाच. समोर फोटोंची झुंबड असते तेव्हासुद्धा पाठीमागे मोकळं मिळतं. हात वर उचलले की खांद्याची पाती कशी आत ओढली जातात, दंडाचा ताण बगलेपर्यंत कसा येतो, कण्याची घळ कुठं खोल होते, हे मागूनच कळतं. स्वतःचे हात केसांत घालून बघा, मग परत तिच्याकडं बघा. अंगानं कळलेलं शिल्प विसरत नाही.

सगळ्यात शेवटी बसा. खाली, गवतावर. ती बसलेली आहे आणि आपण उभे, हे मुळातच बरोबर नाही. वही असेल तर एक रेष काढा, फक्त बाहेरची. चांगली आली नाही तरी चालेल. रेष काढताना माणूस जितकं बघतो तितकं फोटो काढताना बघत नाही.

वडीलधारी आणि पोरं बरोबर असतील तर

खरी परीक्षा इथं असते. आमचे एक मामेसासरे मूर्ती दिसताक्षणी वळले आणि गुलाबांच्या ताटव्यापुढं उभे राहून प्रत्येक कलमाची चौकशी करायला लागले. माळी बिचारा मल्याळममध्ये उत्तरं देत होता, हे मराठीत विचारत होते, आणि दोघांचं बरं चाललं होतं. अशा माणसाला ओढून आणू नका. त्यांना गुलाब बघू द्या. थोड्या वेळानं ते आपणहून तिरकं तिरकं बघायला लागतात, मग हळूच जवळ येतात.

सासूबाईंचं वेगळं झालं. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर लज्जागौरीगत बसलीय." मी चाटच पडले. आम्ही कुणी हा विचार केला नव्हता. लज्जागौरी आपल्याकडे तेरला सापडली आहे, बदामीच्या संग्रहालयात आहे; गुडघे फाकवून बसलेली, बाळंतिणीच्या ठेवणीतली, अंगावर वस्त्र नसलेली देवी. मूल व्हावं म्हणून बायका तिला लोणी-कुंकू लावायच्या. तिच्यापुढं कुणाला लाज वाटल्याचं ऐकलंय का? नाव लज्जागौरी असूनही नाही! कानायींच्या मनात तसलं काही होतं असा माझा दावा नाही. पण आपल्या आजी-आत्यांना या यक्षीपाशी आणताना लज्जागौरीची आठवण करून द्या, एवढं मी जरूर सांगेन. त्यांना मग समजावून सांगावं लागत नाही, त्याच तुम्हाला सांगायला लागतात.

उत्तर केरळात, म्हणजे कानायींच्या मुलखात, तेय्यम असतं. माणूस अंगावर रंग आणि डोक्यावर स्वतःच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा मुकुट चढवून देव होतो आणि रात्रभर नाचतो. असलं बघत वाढलेल्या मुलाला देवता म्हटलं की ती माणसापेक्षा कितीतरी मोठीच दिसणार, असा माझा आपला अंदाज.

मुलं एकच प्रश्न विचारतात, "हिचे कपडे कुठंयत?" लाजून विषय बदलू नका, त्यानं प्रश्न दहा वेळा येतो, आणि मोठ्यानं. मी सांगते, "जखिणीच्या मापाचं कापड कुठल्या दुकानात मिळतं, सांग बघू?" मग मुलं किती वार लागेल याचा हिशोब करत बसतात. गणिताच्या बाई असतील तर त्यांनी पुढं न्यावं.

कॉलेजची पोरं मात्र तिथं नको ते हात करून फोटो काढताना दिसतात. तुमच्या बरोबरच्या कुणी तसं केलं तर तिथल्या तिथं झापा. तिच्या मांडीवर, पायावर चढू नका, लहान मुलाला चढवूही नका. एकतर पडाल, आणि दुसरं म्हणजे ते शिल्प आहे, घसरगुंडी नव्हे. फोटो काढायचाच तर माणसं तिच्या पायापाशी आणि कॅमेरा लांब, जमिनीलगत. चेहऱ्याजवळ कॅमेरा धरून मागं यक्षी घ्यायला गेलात तर ती तुमच्या कानाएवढी येते.

बाकीची बाग

बाकीचं पटकन सांगते. रोपवे बागेवरून जातो. आधी यक्षी बघा, मग त्यात बसा, म्हणजे ती वरूनही ओळखीची वाटेल. झुलता पूल आहे, मुलांना आवडतो, मला आवडत नाही. धरणाच्या भिंतीवर जरूर चढा. काम १९४९ मध्ये सुरू झालं, १९५५ मध्ये संपलं. तेव्हा हा भाग मद्रास राज्यात होता म्हणून उद्घाटनाला तिथले मुख्यमंत्री कामराज आले होते. वरून एका बाजूला पाणी आणि डोंगर, दुसऱ्या बाजूला बाग. बागेपासून जवळच नेकचंद यांची रॉक गार्डन आहे, चंडीगडची केली तेच. फुटक्या फरशा, बांगड्यांचे तुकडे, टाकाऊ टाइल्स यांतून केलेल्या भिंती आणि बाहुल्या. यक्षीच्या आधी बघितलीत तर मजा येईल, नंतर बघितलीत तर जरा चिल्लर वाटेल, म्हणून क्रम सांभाळा. सर्पोद्यान आहे. ज्यांना साप आवडतात ते जातील.

दुपारी परिसरात कप्पा, म्हणजे टॅपिओका, आणि धरणातल्या माशाची तळलेली तुकडी मिळते. शाकाहारी असाल तर डबा आणा किंवा पालक्काडात जेवा, तिथं शाकाहारी जेवण उत्तम मिळतं. सकाळी कोइमतूरहून स्वतःच्या गाडीने येत असाल तर महामार्ग सोडून आत रामशेरीला वळा. तिथली इडली चपटी, पसरट असते, मातीच्या मडक्यावर कापड ताणून वाफवलेली, बरोबर पोडी, म्हणजे सुकी चटणी, आणि खोबरेल. आपल्याकडच्या लोकांना बघून वाटतं हा जाड डोसा असेल. खाल्ल्यावर बोलत नाहीत. मात्र लवकर जा.

पालक्काडचा किल्ला वाटेत आहे, हैदर अलीने १७६६ मध्ये बांधला. तासाभरात होतो. मराठी माणसाला किल्ला दाखवला नाही तर तो परतीच्या वाटेवर बोलून दाखवतो, म्हणून वेळ काढा.

आणखी पुढं जाणार असाल तर

केरळ सहलीत तिरुअनंतपुरम असेल तर याच कानायींची सागरकन्यका शंखुमुखमच्या किनाऱ्यावर आहे. ती यक्षीसारखी बसलेली नाही, आडवी पहुडलेली आहे, ८७ फूट लांब. तिथं उंची मोजायची पेन्सिलीची युक्ती आडवी धरून करा. संध्याकाळी जा, समुद्र पश्चिमेला आहे.

आणि निव्वळ आकारच बघायचा असेल तर कोल्लम जिल्ह्यातलं चडयमंगलम. तिथं डोंगराच्या माथ्यावर राजीव अंचल यांनी केलेला जटायू आहे, २०० फूट लांब, १५० फूट रुंद, ७० फूट उंच, २०१८ मध्ये लोकांना खुला झाला. सीतेला सोडवताना रावणाशी लढून पक्षी इथं पडला अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. तो उताणा पडलेला आहे, एक पंख छाटलेला, नख्या वर आलेल्या. आपल्याकडे इगतपुरीजवळ टाकेदला जटायू पडला म्हणतात. आमच्या भाऊजींनी हा मुद्दा तिथल्या तिकीट खिडकीवर काढला होता, तुम्ही काढू नका. वर जायला केबल कार आहे, म्हातारी माणसं आरामात जातात. पण माथा उघडा खडक आहे, सावली जवळजवळ नाही. टोपी, पाणी आणि सकाळची वेळ, तीनपैकी एकही विसरू नका.